एक सही आणि साठ दिवस

अमेरिकेत एम.एस. किंवा पीएच.डी. करायला आलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पहिल्याच सेमिस्टरमध्ये बहुतेकदा एक ऑनलाइन प्रशिक्षण उरकावं लागतं. विषय असतो संशोधनात जबाबदारीने कसं वागावं. नॅशनल सायन्स फाउंडेशनने जानेवारी २०१० पासून आपल्या पैशांवर चालणाऱ्या संशोधनात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असं प्रशिक्षण आवश्यक केलं आणि पुढे अनेक विद्यापीठांनी ते बाकीच्यांनाही लावलं. एकेक पान पुढे सरकवायचं, शेवटी प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र डाउनलोड करून विभागाच्या ऑफिसला पाठवून द्यायचं. मुलं हे एका रात्रीत संपवतात. उत्तरंही बरोबर येतात. चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखायला परीक्षांचा सराव पुरतो, आणि आपल्याकडून येणाऱ्या मुलांच्या अंगी तो मुरलेला असतो.

मी शिकवते तो वर्ग याच्या पुढचा. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात, एका क्रेडिटचा, आठवड्यातून एकदा भरणारा. विषय व्यावसायिक नीतिमत्ता. वर्गात भारतातली मुलं सगळ्यांत जास्त. मग चीन, बांगलादेश, इराण, नेपाळ, नायजेरिया, तुर्कस्तान. अमेरिकन मुलं मोजकी. मी स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुण्यात शिकले, डिझाइन ऑफिसांत काम केलं आणि मग शिकवण्याकडे वळले. इतर विषयही शिकवते, पण जीव जडलाय तो या एका तासावर.

माझ्या काही सहकाऱ्यांना मनापासून वाटतं की ही मुलं जिथून येतात तिथे नियम धाब्यावर बसवले जातात, तेव्हा त्यांना आधी नियम पक्के करून द्यावेत. हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. नियम मोडले की काय होतं ते पाहतच ही मुलं मोठी झालेली असतात. पहिल्या पावसात उखडलेला रस्ता, उद्घाटनाआधीच तडे गेलेली शाळेची इमारत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते, आणि त्यात कोणाकोणाचे हात ओले झाले याची चर्चा चहाच्या टपरीवर ऐकलेली असते. चूक काय आणि बरोबर काय, हे त्यांना चांगलं कळतं. त्यांना पडलेला प्रश्न वेगळा आहे: बरोबर वागलो तर माझ्या पाठीशी कोण उभं राहील? या प्रश्नाला हात न घालता शिकवलेली नीतिमत्ता परीक्षेपुरतीच राहते, असं माझं ठाम मत झालं आहे.

सुरुवात मी जीटीपासून करते. पुण्या-मुंबईकडे इंजिनिअरिंग केलेल्याला जीटी समजावून सांगावी लागत नाही. ग्लास ट्रेसिंग. होस्टेलच्या खोलीत दोन खुर्च्यांवर काच टेकवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर कोणाची तरी तपासून झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि मग पेन्सिल चालवायची. रात्रभर हा कारखाना चालतो. सकाळी सबमिशन असतं. सर एक नजर टाकतात, कधी तीही टाकत नाहीत, आणि लाल पेनने सही करतात. जर्नलचीही तीच कथा. सिनिअरच्या फाइलमधून रीडिंगसकट उतरवलेलं. बीमवर वजनं टांगून डिफ्लेक्शन, म्हणजे बीम किती वाकला ते, कोणी मोजलं का, हे कोणी विचारत नाही, कारण ग्राफ सुरेख आलेला असतो. टर्मवर्क मिळून जातं.

हे वर्गात काढलं की मराठी मुलं एकमेकांकडे बघून हसतात, मग हैदराबादची मुलं त्यांच्या रेकॉर्ड बुकचे किस्से सांगतात, काठमांडूची त्यांचे. सगळं बोलून झालं की मी एकच प्रश्न विचारते: ज्या शीटवरून तुम्ही जीटी मारलीत, ती बरोबर होती का? बहुतेकांना आठवत नाही. एकदा कोल्हापूरकडची एक मुलगी म्हणाली, "नव्हती मॅम. सेक्शन व्ह्यू चुकला होता. आमच्या अख्ख्या बॅचचा चुकला. सगळ्यांच्या शीटवर सही झाली."

तिचं हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली लिहिलं: कॅन्सस सिटी, १७ जुलै १९८१.

त्या संध्याकाळी हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीत नाचाचा कार्यक्रम होता, गर्दी होती. वर छताला टांगलेले पादचारी पूल होते. त्यातला एक चौथ्या मजल्याच्या पातळीवर, दुसरा बरोबर त्याच्या खाली, दुसऱ्या मजल्याच्या पातळीवर. हे दोन्ही पूल गर्दीवर कोसळले. ११४ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

कारण समजावताना मी दोरीच्या मल्लखांबाचं चित्र काढते. एका दोरीवर दोन मुलं, एक वर, एक खाली. दोघांनीही दोरी पकडली आहे. वरच्याच्या मुठीवर फक्त त्याचं स्वतःचं वजन. आता खालच्याने दोरी सोडली आणि वरच्याचे पाय धरले. दोरीवरचं वजन तेवढंच राहिलं, पण वरच्याच्या मुठीवर दोघांचं आलं. हयातच्या मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच अखंड सळई होती आणि दोन्ही पूल तिला धरून होते. पण तसं करायचं तर मधल्या नटसाठी लांबलचक सळईला आटे पाडावे लागणार. फॅब्रिकेटरकडून, म्हणजे पोलादी भाग बनवणाऱ्या कंपनीकडून, बदल आला: दोन सळया करू. वरची सळई छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, खालची चौथ्या मजल्याच्या बीममधून दुसऱ्या मजल्यापर्यंत. म्हणजे खालच्या पुलाने वरच्याचे पाय धरले. चौथ्या मजल्याच्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. चौकशीत निघालं की मूळ जोडणीसुद्धा शहराच्या बिल्डिंग कोडला लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होती. बदलानंतर ती ३० टक्क्यांच्या आसपास उतरली.

बदललेली शॉप ड्रॉइंग्ज, म्हणजे भाग बनवण्यासाठी फॅब्रिकेटरने काढलेली ड्रॉइंग्ज, इंजिनिअरच्या ऑफिसात आली, त्यांवर शिक्का बसला आणि ती परत गेली. त्या जोडणीचं गणित कोणीच मांडलं नव्हतं. फॅब्रिकेटरच्या मते ते इंजिनिअर बघणार होते. इंजिनिअरांचं म्हणणं, जोडणीचं डिझाइन फॅब्रिकेटरने करायचा रिवाज आहे. मिसुरी राज्याने जॅक गिलम आणि डॅनियल डंकन या दोन इंजिनिअरांचे परवाने काढून घेतले. ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी, ती दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही. गिलम पुढे अनेक वर्षं इंजिनिअरांसमोर उभे राहून ही हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगत राहिले. ते करायला काय धैर्य लागलं असेल, असं मला दर वेळी वाटतं.

हा तास संपेपर्यंत हसू मावळलेलं असतं. कॉलेजात सही म्हणजे काम वेळेत जमा झाल्याची पावती होती. इथे ती 'हे मी पाहिलं आहे' अशी कबुली आहे, आणि एक दिवस कोणीतरी तिचा जाब विचारणार आहे. मुलांना हे कळतं. गणितातून कळतं म्हणून अधिक नीट कळतं. इंजिनिअरला नीतिमत्ता शिकवायची तर गणितातूनच शिकवावी. नुसत्या गोष्टी सांगितल्या की हळहळ वाटते आणि विसरायला होतं. बीमवरचा भार स्वतः काढून बघितला की तो आकडा डोक्यातून जात नाही.

त्यानंतर मी प्रत्येकाला आपापल्या देशातलं एक प्रकरण घेऊन यायला सांगते. पाठ्यपुस्तकांत सगळी प्रकरणं अमेरिकेची असतात आणि वाचणाऱ्याला वाटायला लागतं की नीतिमत्तेचा शोधही इथेच लागला. ढाक्याच्या एका मुलाने राणा प्लाझा मांडलं. ढाक्याजवळच्या सावरमधली ती इमारत. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना, खांबांना तडे गेलेले दिसले. बोलावलेल्या इंजिनिअरने इमारत धोक्याची आहे असं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांना परत बोलावलं. २४ एप्रिलला इमारत बसली आणि ११३४ माणसं मेली. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले, वर जड जनरेटर बसवलेले.

त्या मुलाने शेवटी वर्गालाच विचारलं, "इंजिनिअरने सांगितलं होतं. मग त्याचं काम संपलं का?" अर्धा वर्ग म्हणाला, संपलं, इमारत रिकामी करणं हे पोलिसांचं, प्रशासनाचं काम. एक इराणी मुलगी म्हणाली, "बँकेने ऐकलं आणि कारखान्यांनी ऐकलं नाही. बँकेच्या माणसांना घरी पाठवल्याने बँकेचं फार काही बिघडत नव्हतं. कारखान्यांची ऑर्डर अडकली होती." मग प्रश्न असा झाला की एका दिवसाचा पगार बुडण्याची भीती ज्यांना आहे, त्या कामगारांपर्यंत इंजिनिअरचा शब्द पोचवायचा कोणी. तास संपला, बोलणं संपलं नाही.

तुर्कस्तानच्या मुलाने ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपावर बोलताना २०१८ च्या सरकारी माफीची कागदपत्रं दाखवली. बेकायदा किंवा नकाशाबाहेरच्या बांधकामांना ठरलेली रक्कम भरून नोंदणी मिळत होती. पैसे भरल्याने खांबांत लोखंड वाढत नाही, हे तो अगदी शांतपणे म्हणाला. त्या भूकंपात एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली.

मी माझ्याकडून पानशेत सांगते. पुण्यातल्या जुन्या घरांत त्या पुराच्या पाण्याची खूण अजून दाखवतात. काम अपुरं असताना त्याच पावसाळ्यात धरणात पाणी अडवलं गेलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि मग खडकवासल्याचंही. त्याच्याशेजारी चॅलेंजर या अवकाशयानाचा अपघात ठेवते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाची रॉकेट्स बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीचे रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी थंडीत ओ-रिंग, म्हणजे रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी, दगा देईल म्हणून उड्डाण थांबवा असं विनवत होते, आणि इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला वरून सांगितलं गेलं की आता इंजिनिअरची टोपी उतरव आणि मॅनेजरची घाल. दुसऱ्या दिवशी सकाळी सात जण गेले. पुणे आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये अर्धं जग आहे, पण दोन्हीकडे तारीख आधी ठरली होती आणि धरणाची, यानाची तब्येत नंतर विचारली गेली.

याच ओघात लाचेचा विषय निघतो आणि भारतीय मुलं खाली बघायला लागतात. मला ते आवडत नाही, म्हणून मी त्यांना अमेरिकेचाच कायदा वाचायला देते. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा हा कायदा १९७७ चा. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट सवलत लिहिली गेली: जे काम अधिकाऱ्याने करायलाच हवं, ते लवकर व्हावं म्हणून दिलेली रक्कम या कायद्याखाली गुन्हा धरली जात नाही. आपण ज्याला चहापाणी म्हणतो तेच. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात अशी सवलत नाही. हे वाचल्यावर भारतीय मुलांची मान जरा वर होते आणि अमेरिकन मुलं विचारात पडतात. दोन्ही गोष्टी मला हव्या असतात.

सगळ्यांत जास्त वेळ मी फोक्सवॅगनवर घालवते, कारण त्या प्रकरणात माझ्या वर्गासारखीच मुलं आहेत. मॉर्गनटाउनच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातला छोटा गट. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतातून आलेले, मार्क बेश स्वित्झर्लंडचा. पर्यावरणाच्या क्षेत्रातल्या एका संस्थेने त्यांना काम दिलं होतं: डिझेल गाड्या प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावर किती धूर सोडतात ते मोजा. कोणाला पकडायचं हा हेतूच नव्हता. अमेरिकेत डिझेल किती स्वच्छ होऊ शकतं ते दाखवावं, एवढीच अपेक्षा. २०१३ मध्ये या मुलांनी गाडीच्या मागच्या बाजूला उपकरणं आणि जनरेटर बसवले आणि कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर फिरले. फोक्सवॅगनची एक पसाट तर लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेऊन परत आणली. आकडे आले ते विश्वास बसू नये असे. नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण त्याच कंपनीच्या जेटामध्ये मर्यादेच्या १५ ते ३५ पट, पसाटमध्ये ५ ते २० पट. त्यांना आधी स्वतःच्या मोजणीचीच शंका आली. पण तपासून पाहिलं तरी आकडे हलेनात. तिसरी गाडी, बीएमडब्ल्यू, बहुतेक वेळ मर्यादेत होती, म्हणजे उपकरणं ठीक होती.

इथे थांबून मी विचारते: या क्षणी तुम्ही काय कराल? आकडा विचित्र आला की जर्नलमध्ये तो दुरुस्त करायची सवय कोणाकोणाला आहे? ग्राफ सुरेख हवा म्हणून आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा, खोडायची? वर्गात शांतता पसरते. या मुलांनी आकडे जसे आले तसे लिहिले. २०१४ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कंपनीला नोटीस बजावली आणि सगळ्या जगाला कळलं की गाडीतलं सॉफ्टवेअर चाचणी ओळखत होतं. रोलरवर चाकं फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही, अशा खुणांवरून चाचणी चालू आहे हे ताडायचं आणि तेवढ्यापुरती धूर कमी करणारी यंत्रणा पूर्ण चालवायची.

आणि मग दुसरी बाजू. ते सॉफ्टवेअरही कोणीतरी इंजिनिअरनेच लिहिलं होतं. जेम्स लियांग हे कंपनीचे जुने इंजिनिअर. त्यांनी २०१६ मध्ये गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांना ४० महिन्यांची कैद आणि दोन लाख डॉलरचा दंड झाला. एका टेबलाशी आकडे खरे लिहिणारी मुलं, दुसऱ्या टेबलाशी सांगितलं ते करणारा अनुभवी माणूस. वर्गातल्या जवळपास प्रत्येकाला पुढच्या काही वर्षांत यातल्या कोणत्या ना कोणत्या टेबलाशी बसावं लागणार आहे. म्हणून लियांग यांच्याबद्दल बोलताना मी आवाज चढवत नाही. मोठी कंपनी, वरून आलेला आदेश, 'सगळेच करतात' हा दिलासा. यातलं काहीच आपल्याला परकं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पाठीशी कोण?

नांदेडकडचा एक मुलगा माझ्या वर्गातून पास होऊन एका छोट्या कंपनीत लागला होता. वेल्डिंग केलेल्या भागांची फटीग टेस्ट करायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन ते कधी तुटतात ते पाहायचं काम. एका रविवारी त्याचा फोन आला. मराठीत बोलत होता आणि आवाज दबलेला होता. मॅनेजरने त्याला न तपासलेल्या नमुन्यांचे आकडे अहवालात भरायला सांगितले होते. मशीन बंद होतं, माल पाठवायची तारीख जवळ आली होती, आणि मागच्या बॅचसारखेच आकडे येणार हे सगळ्यांना माहीत होतं म्हणे.

मी नियमांबद्दल बोलायला लागले. तो म्हणाला, "मॅडम, चूक काय ते मला ठाऊक आहे. मला दिवस मोजून द्या."

दिवस म्हणजे व्हिसाचे. शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावर जी काम करायची परवानगी मिळते, तिच्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. आमच्या विषयांना मिळणारी दोन वर्षांची मुदतवाढ धरली तर ही मर्यादा एकूण १५० दिवसांची. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला आणि नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात अर्ज, मुलाखती आणि नव्या कंपनीने कागदपत्रं दाखल करणं, सगळं आलं. त्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला वडिलांची जमीन तारण होती. हप्ता सुरू झाला होता. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. इथल्या इंजिनिअरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतलं पहिलंच कलम सांगतं की जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण सर्वांत वर ठेवा. मला हे कलम मनापासून मान्य आहे. पण पुस्तकांतल्या प्रकरणांत ते पाळणाऱ्या माणसाकडे बहुधा नागरिकत्व असतं, घर असतं, चार पैसे गाठीशी असतात. आणि त्यांनाही ते महाग पडलं. बॉइजोलींना पुढे सन्मान मिळाला, पण त्या कंपनीत त्यांना राहता आलं नाही.

भारतीय मुलांच्या मनात तर आणखी एक नाव असतं, सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचा सिव्हिल इंजिनिअर. सुवर्ण चतुर्भुज महामार्गाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्याने २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घातली गेली. तपास यंत्रणेने हा लूटमारीतून झालेला खून असल्याचं न्यायालयात मांडलं. त्यानंतर उठलेल्या आवाजामुळे जागल्यांच्या संरक्षणाचा विषय पुढे सरकला आणि २०१४ मध्ये कायदा झाला. माझ्या वर्गातली मुलं त्या वेळी लहान होती, पण घरी कोणी ना कोणी त्यांना ही गोष्ट सांगितलेली असते, आणि बहुतेकदा 'म्हणून तू आपलं काम कर, नको त्या भानगडीत पडू नकोस' या शेपटासकट.

त्या रविवारी मी आणि तो मुलगा वही घेऊन बसलो, तो तिकडे, मी इकडे. राजीनामा किंवा गप्प बसणं, यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत ते आम्ही लिहून काढलं. पहिली, तोंडी आदेश ईमेलवर आणायचा: 'आज आपण बोललो त्याप्रमाणे अमुक नमुन्यांची चाचणी झालेली नाही, त्यांचे आकडे कसे द्यायचे ते कृपया कळवा.' ज्याला काळजी असते तो एवढ्यावरच थबकतो. दुसरी, अहवालात झालेल्या चाचण्यांचेच आकडे द्यायचे, बाकी रकाने कोरे ठेवायचे आणि ते कोरे आहेत असं लिहायचं. तिसरी, गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला भेटायचं. काय, कधी घडलं याची नोंद स्वतःच्या वहीत घरी ठेवायची. कंपनीची कागदपत्रं मात्र स्वतःच्या खात्यावर पाठवायची नाहीत, ते उलट आपल्याच अंगाशी येतं. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला फोन करायचा आणि उरलेले दिवस त्यांच्या नोंदीप्रमाणे किती ते विचारून घ्यायचं. इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलायचं. आणि आजच रात्री रेझ्युमे बाहेर काढायचा.

त्याने दुसरी पायरी गाठली. कोरे रकाने ठेवून अहवाल दिला, त्यावर सही केली. त्याला काढलं नाही. चाचणीच्या कामावरून हलवलं, आणि काही महिन्यांनी तो दुसरीकडे गेला. ते न तपासलेले भाग पुढे तपासले गेले की दुसऱ्या कोणाच्या सहीने निघून गेले, हे त्याला कळलं नाही आणि मलाही नाही. त्याचा विचार मनात येतो. पण त्याच्या नावाखाली खोटा आकडा गेला नाही, आणि हे करताना तो एकटा नव्हता.

तेव्हापासून माझ्या वर्गाचा एक तास दिवस मोजण्याचा असतो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या बाई येतात, नोकरीविषयक कायदा जाणणारे एक वकील येतात. तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारे इथले कायदे कोणते आणि ते व्हिसावर असलेल्यालाही कसे लागू होतात, हे ते सांगतात. खटला चालू असला म्हणून व्हिसाचे दिवस थांबत नाहीत, हेही स्पष्ट सांगतात. पहिल्या पगारापासून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, असं मी सांगते. नोकरी गेली तर कोणाच्या घरी राहता येईल, त्या दोन माणसांची नावं आत्ताच लिहून ठेवा, असंही. एक सहकारी मला म्हणाले, हा करिअरचा सल्ला झाला, यात नीतिमत्ता कुठे आहे? मला वाटतं, सगळी यातच आहे. नाही म्हणण्याची किंमत माहीत नसलेला माणूस ऐन वेळी ती मनातल्या मनात दहापट धरतो आणि सही करून मोकळा होतो. किंमत माहीत असली, ती भागवायची थोडी तरी तयारी असली, की बोलायला तोंड उघडतं. मुलांना धीट व्हा म्हणून सांगायचं आणि धीर कुठून आणायचा ते सांगायचं नाही, हे शिक्षकाने करू नये.

मागच्या सेमिस्टरच्या त्या तासाला चाकणच्या एका कारखान्यात चार वर्षं काढून आलेल्या मुलीने वकिलांना विचारलं, "पुढच्या मुलाखतीत विचारलं की आधीची नोकरी का सोडली, तर काय सांगायचं?" ते म्हणाले, कंपनीची गोपनीय माहिती न उघडता खरं सांगता येतं: अहवालाच्या पद्धतीवरून मतभेद होते. तिला ते पुरेसं वाटलं नाही. ती म्हणाली, न झालेल्या चाचणीवर मी सही करत नाही, असं मी सरळ सांगेन. मागून एक चिनी मुलगा म्हणाला, मग तुला कोणी घेणार नाही. त्याच्या शेजारची नायजेरियन मुलगी म्हणाली, विमानाचे किंवा औषधांचे कारखाने असतील तर आधी हिलाच घेतील. वाद चांगला रंगला. वकिलांनी तिघांनाही मुलाखतीची उत्तरं लिहून आणायला सांगितली आणि पुन्हा येऊन ती वाचून दाखवून घेतली.

आत्तापर्यंत हा तास मी सेमिस्टरच्या शेवटी ठेवत होते. पुढच्या वेळी तो तिसऱ्या आठवड्यात घेणार आहे, कारण सप्टेंबरमध्ये करिअर फेअर असतो आणि ऑफर लेटरवर मुलं त्यानंतर लगेच सह्या करायला लागतात.